कपाटाची जागा

कपाट विकायचं ठरलं तेव्हा अंबाबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, की आता मलाही काट्यावर बसव, भंगारवाला काय भाव देतो ते पाहू. उषा हसली. सासूची जीभ तिखट, पण मन तसं नव्हतं, हे तिला वीस वर्षांत कळून चुकलं होतं.

कपाट न्यायला पांढुर्ण्याहून टेंपो आला. दोन माणसांनी ते तिरपं केलं, चौकटीतून काढताना एक कोपरा भिंतीला घासला आणि पोपडा पडला. कपाट गेल्यावर भिंतीवर त्याच्याएवढा स्वच्छ निळा चौकोन उरला. बाकीची भिंत चुलीच्या धुरानं काळवंडली होती, म्हणून तो चौकोन जास्तच उठून दिसत होता. हे कपाट उषाच्या लग्नात तिच्या थोरल्या भावानं, दिलीपनं, आंदण दिलं होतं. विकल्याचं त्याला तिनं सांगितलं नाही. कर्ज फिटलं की मग तोंड वर करून सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

मोहगावच्या खालच्या वस्तीतल्या या दोन खोल्यांत तीन वर्षांपूर्वी माणसाला वळायला जागा नव्हती. टीव्ही होता, कुलर होता, दिवाण होता, ओसरीत गुणवंताची मोटरसायकल उभी असायची. गुणवंता, म्हणजे उषाचा नवरा, संत्री तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. शेत नाही, वाडी नाही. झाडं लोकांची आणि हात याचे. इतकी वर्षं दुसऱ्यांचा माल तोडून त्याची नजर अशी बसली होती की झाडाखाली उभं राहून किती कॅरेट निघतील ते तो सांगायचा आणि ते खरं निघायचं. व्यापारी त्याला मुद्दाम सोबत न्यायचे, चहा पाजायचे. एका वर्षी त्याच्या मनानं घेतलं की नजर आपली आणि नफा दुसऱ्याचा, असं किती दिवस चालायचं? त्यानं एका फायनान्स कंपनीतून पर्सनल लोन उचललं, साळ्याला, दिलीपला, जामीन ठेवलं आणि फळं लिंबाएवढी असताना साठ झाडांच्या बगीच्यातला उभा माल विकत घेतला. अंदाज चुकला नव्हता, असं तो आजही सांगतो. फळं तेवढीच होती. फक्त भादव्यात गळ लागली आणि ती झाडावरून जमिनीवर आली.

पहिल्या वर्षीचे हप्ते उसनवारी करून भरले. मग एक दिवस तृप्तीनं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. शहरातली एक बाई पांढऱ्याशुभ्र खोलीत बसून सांगत होती की घरातलं सामान कमी केलं, खर्च कमी केला आणि दोन वर्षांत कर्जातून मोकळी झाले. तिच्या मागं एक गादी आणि एक कुंडी, एवढंच दिसत होतं. उषानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला.

"बाई खोटी नाही बोलून राहिली," ती म्हणाली. "तिच्या घरी काही नाही आन् थे हासून राहिली. आपल्या घरी एवढं आहे आन् आपून रडून राहिलो."

तेव्हापासून उषाचा एकच कायदा झाला. ज्या वस्तूला रोज हात लागत नाही, ती घरात राहणार नाही. आधी टीव्ही गेला, मग कुलर, दिवाण, माहेरची पाण्याची पितळी गुंडी. मोटरसायकल गेली आणि गुणवंता सायकलवर आला. गॅस पाहुण्यांपुरता, एरवी चुलीत कापसाची पऱ्हाटी. चहातलं दूध गेलं, नंतर दुपारचा चहाच गेला. वरणाच्या फोडणीत तेल असतं हे अंबाबाईला आठवणीनं सांगावं लागायचं. घरात वापरायच्या साड्या दोन आणि बाहेरची एक. मोबाइलचा रिचार्ज संपला की लगेच मारायचा नाही, आठ-दहा दिवस तसेच काढायचे. वस्तीतल्या बाया हसायच्या, उषाच्या घरी उंदीरही उपाशी म्हणायच्या. उषा मनाला लावून घेत नव्हती. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता जात होता, एकही चुकला नव्हता, आणि याचा तिला एखाद्या दागिन्याइतका अभिमान होता.

आता सहा हप्ते उरले होते. शेवटचा वैशाखात. तृप्ती बारावी होऊन एक वर्ष घरी बसली होती, ती ह्याच वैशाखासाठी. छिंदवाड्याला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं; आषाढात प्रवेश, आणि हप्त्याला जाणारा पैसा तिकडं वळवायचा. पहिली फी एकरकमी लागणार होती. तिची सुरुवात ह्या मोसमाच्या कमाईतून व्हायची होती, पण मोसमानंच दगा दिला. मोहगाव, रामाकोना, सगळ्या पट्ट्यात आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात निघणारा माल, गळून गेला. तोडायला मालच नाही तर मुकादम कशाचा? कार्तिकातला अर्धा हप्ता कपाटानं भरला.

मार्गशीर्षात वरूडच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. तिकडं झाडं लदलेली होती आणि माणसं मिळत नव्हती. वीस दिवसांचं काम, बगीच्यातच मुक्काम, आटा-डाळ व्यापाऱ्याची. उषानं लगेच हिशोब मांडला: तिघं कामाला गेली तर तीन मजुऱ्या, चूल व्यापाऱ्याची, घरचं खाणं वाचलं. अंबाबाईला एकटं ठेवता येत नव्हतं, ती बसून माल निवडेल. ट्रक पहाटेच आला. घाईत फक्त शेजारच्या भिवाजीला सांगणं झालं, आणि भिवाजीला चार शब्दांतले दोन ऐकू येत. कुलूप लावताना उषाला हसूच आलं, कारण आत चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

वरूडकडचा बगीचा मोठा होता. सकाळी पानांवर दव असायचं, शिडीच्या पायऱ्या निसरड्या व्हायच्या, आणि पहिल्या अर्ध्या तासात पदर ओला होऊन छातीला चिकटायचा. उषा गळ्यात झोळी अडकवून वर चढायची. फळ पिरगाळून तोडायचं, देठाजवळची साल फाटली तर माल बाद, म्हणून घाई करून चालत नव्हतं. काटे कोपरापर्यंत ओरबाडायचे. सालीचं तेल बोटांच्या भेगांत शिरलं की डोळ्यांत पाणी यायचं. दुपारपर्यंत मान आखडून जायची आणि झोळी उतरवल्यावरही गळ्यात काहीतरी लटकलंय असं वाटायचं. तृप्ती शेजारच्या झाडावर असायची. तिनं चार दिवसांत आईला गाठलं, सहाव्या दिवशी मागं टाकलं. अंबाबाई ढिगाजवळ बसून मोठी, मधली, बारीक अशी फळं वेगळी करायची आणि बारीकांना आपल्या जावांची नावं द्यायची. दुखत होतं तरी उषा खुशीत होती. तृप्तीची फी झाडावर लागलेली तिला दिसत होती.

आठव्या दिवशी दुपारी बगीच्याच्या बांधावर मोटरसायकल थांबली. दिलीप होता. सौंसरला सरकारी शिपाई, कधी घडी न मोडलेला माणूस, तो धुळीनं माखून, कानाला मफलर बांधून, झाडांच्या ओळीतून चालत आला आणि बहिणीच्या शिडीखाली उभा राहिला.

"उषे, खाली उतर."

तिला वाटलं, माहेरी कोणी गेलं. ती घाईनं उतरली. झोळी गळ्यातच होती.

दिलीप त्याच्या मुलाच्या, मयूरच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, सांगायला मोहगावला गेला होता. दाराला कुलूप. भिवाजीला विचारलं तर तो म्हणाला, पहाटे ट्रक आला, सगळे बसून गेले, म्हातारीसुद्धा. दिलीपनं फोन लावला, बंद. मग त्यानं खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. दिवाण नाही, टीव्ही नाही, भांडी नाहीत, आणि जिथं कपाट असायचं तिथं नुसती निळी भिंत. या भागात घर रिकामं करून रातोरात नागपूरकडं निघून गेलेली कर्जबाजारी माणसं त्यानं पाहिली होती, त्यांच्या जामीनदारांचे हालही पाहिले होते. तो तसाच कंपनीच्या ऑफिसात गेला, हप्ते भरले का ते विचारायला. भरलेले होते. पण जामीनदारच धापा टाकत विचारायला आला म्हटल्यावर तिथल्या लोकांचेही कान उभे राहिले. शेवटी टोळीतल्या एकाच्या घरून त्याला वरूडच्या बगीच्याचा पत्ता लागला.

"कामाले आलो दादा," उषा म्हणाली. "कुठं जानार दुसरं?"

"कपाट कुठं आहे?"

तिनं गळ्यातली झोळी सावरली.

"माह्या पयल्या पगाराचं होतं थे. तुले माहीत होतं."

"विकलं. हप्त्यासाठी विकलं."

दिलीपनं मफलर सोडला आणि त्याच मफलरानं डोळे पुसले. "मले वाटलं तू पयून गेली," तो म्हणाला. "सख्खी बहीन माह्या गळ्यात धोंडा बांधून पयून गेली. दोन दिवस मी जेवलो नाही, उषे."

आजूबाजूच्या झाडांवरचे हात चालू होते, पण तोंडं बंद झाली होती. तोवर गुणवंता आला, हात पुसत, हसण्याचा प्रयत्न करत. दिलीपभाऊ, चहा घ्या, म्हणाला. दिलीपनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. उषाला इतकी लाज वाटली की ती झोळीतली संत्री उगाचच एक एक करून ढिगावर ठेवत राहिली. तिनं चोरी केली नव्हती, खोटं बोलली नव्हती, तरी शिडीखाली उभ्या असलेल्या भावाच्या नजरेला ती पळालेलीच होती, आणि ते आता कशानं पुसणार हे तिला कळत नव्हतं.

दिलीप म्हणाला, आत्ता घरी चला. लोकांना दिसू द्या. गुणवंतानं व्यापाऱ्याला विनवलं. व्यापारी म्हणाला, अर्ध्यात काम सोडता तर अर्ध्यातच पैसे घ्या, आणि टोळी मी दुसऱ्या मुकादमाकडं देतो. टोळी बगीच्यातच राहिली. मुकादम तेवढा घरी आला.

मोहगावात दुकानदारानं गूळ देण्याआधी, परत आले का तुम्ही, असं विचारलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा संदीप नावाचा पोरगा आला. तो आजवर कधी या घरी आला नव्हता, यायची वेळच आली नव्हती. त्यानं दारात उभं राहून दोन्ही खोल्यांचे फोटो काढले.

"हप्ता चुकला का आमचा?" उषानं विचारलं.

"नाही काकू."

"मंग?"

"सामान नाही न घरात. मले बी वर सांगा लागते."

त्याच्या मागोमाग रविवारी दिलीप आला, बायकोला, प्रतिभाला घेऊन. प्रतिभानं पिशवीभर वाल आणले होते. बसायला काही नव्हतं म्हणून दोघं पोत्यावर बसले, आणि प्रतिभा साडीच्या निऱ्या सांभाळत सारखी त्या निळ्या चौकोनाकडं पाहत होती. बोलणं गोड होतं. दिलीपनं आधी बहिणीच्या कष्टाचं कौतुक केलं. मग म्हणाला, तृप्तीला कर्ज फिटेपर्यंत सौंसरला आमच्याकडं राहू दे. मयूरच्या लग्नाची गडबड आहे, मामीला हात होईल, तिचा अभ्यासही होईल. कंपनीवाले त्याला रोज फोन करत होते. पोरगी आपल्या घरी आहे म्हटलं की त्यांचंही समाधान होईल, हे त्यानं सर्वांत शेवटी, खाली पाहून सांगितलं.

चुलीपुढं बसलेली तृप्ती जागच्या जागी थिजली. उषाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा कानशिलं तापली. बैल नाही, सोनं नाही, म्हणून पोरगी गहाण. आणि मागणारा कोण, तर जो हिला कडेवर घेऊन पोळ्याला फिरवायचा तो मामा.

"तृप्ती कुठं जानार नाही दादा," ती म्हणाली.

"मंग घर घरासारखं कर," दिलीपचा आवाज चढला. "लोकाइले दिसाले पाह्यजे का हे लोक राह्यनार आहेत म्हनून. त्या जागी कपाट आन. नाहीतं मी माहं नाव काढून घेतो, मंग कंपनी जानं आन् तुमी जाना."

जामीन निघाला तर कंपनी सगळे पैसे एकदम मागेल, असं संदीप जाताना सांगून गेला होता. खरं की खोटं, पडताळायची हिंमत कोणात नव्हती. उषानं नवऱ्याकडं पाहिलं. गुणवंता पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत होता. झाडावरची फळं मोजणारा माणूस, पण घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याची नजर अशी जमिनीला लागायची. त्याचा तिला त्या क्षणी फार राग आला. मग तीच म्हणाली, आणतो कपाट.

ते पांढुर्ण्याला गेले, गुणवंता, उषा आणि तृप्ती. लोखंडी कपाटाच्या दुकानात उधार नव्हतं. आपलंच जुनं कपाट रंग मारून तिथं उभं असलेलं उषाला दिसलं, आरशाच्या कोपऱ्यातली चीर तशीच होती. किंमत विचारली तर त्यांना मिळाले होते त्याच्या तिप्पट. रोख पाहिजे, दुकानदार म्हणाला. हप्त्यानं हवं असेल तर समोर जा, फ्रीज आहे, टीव्ही आहे, कपाटाला कोणी हप्ता करत नाही.

समोरच्या दुकानात काच होती, गारवा होता आणि टाय लावलेला एक पोरगा होता. त्यानं गुणवंताचा आधार नंबर मोबाइलमध्ये टाकला, अंगठा घेतला आणि त्याचा चेहरा खुलला.

"काका, तुमचा रेकॉर्ड तं एक नंबर आहे. एक बी हप्ता लेट नाही. दोन मिनिटात पास. टीव्ही बी घेऊन टाका सोबत, काही प्रॉब्लेम नाही."

गुणवंता किंचित ताठ झाला. तीन वर्षांत त्याला कोणी एक नंबर म्हटलं नव्हतं. उषाच्या मनात मात्र वेगळाच हिशोब चालू झाला. बिनदुधाचा चहा, चुलीचा धूर, अंगावर विरलेली साडी, ह्या सगळ्याचं फळ हे मिळालं होतं, की आणखी कर्ज दोन मिनिटांत पास. तृप्ती बोटांवर महिने मोजत होती. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिला हात आला. उषानं तिच्याकडं पाहिलं नाही.

फ्रीज लाल होता. टेंपोतून उतरवायला चार माणसं लागली. निळ्या चौकोनापुढं तो ठेवला तर दोन्ही बाजूंनी थोडी थोडी भिंत दिसत राहिली. अंबाबाईनं त्याला कुंकू लावलं आणि म्हणाली, घरात दूध नाही, लोणी नाही, आता बर्फ तरी खाऊ. वस्तीतल्या बाया दार उघडून पाहून गेल्या. दिलीपनं फ्रीजपुढं भाचीला उभं करून फोटो काढला, कंपनीला पाठवला, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. जाताना बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. वाईट माणूस नव्हता तो.

पाच दिवस फ्रीज चालला. उषा रात्रंदिवस त्याची घरघर ऐकायची आणि मीटर फिरतंय असं तिला वाटायचं. सहाव्या दिवशी तिनं पिन काढली. पुढच्या आठवड्यात खुंटीवरच्या थैलीला उंदरांनी भोक पाडलं. त्या थैलीत तृप्तीच्या मार्कशीट होत्या. घरात दार लागेल अशी एकच वस्तू होती. मार्कशीट तिथं गेल्या, मग आधार, राशनकार्ड, मग बाहेरची साडी, मग सगळेच कपडे. भाजीच्या कप्प्यात अंबाबाईनं आपली तंबाखूची डबी ठेवली.

दोन हप्ते एकदम सुरू झाले. मृग बहाराच्या, उन्हाळ्याच्या तोंडच्या तोडणीला गुणवंता गेला, पण मुकादम म्हणून नाही. ज्याला वरूडची टोळी मिळाली होती त्याच्या हाताखाली, रोजावर. आता व्यापारी त्याला सोबत नेत नव्हते. वैशाखात जुनं कर्ज फिटलं. कंपनीनं शिक्का मारलेला कागद दिला. ह्या दिवसासाठी उषानं गोड करायचं ठरवलं होतं, पुऱ्या आणि आमरस. तिनं कागद दोनदा वाचून घेतला, घडी केली आणि फ्रीजमध्ये मार्कशीटवर ठेवला.

जेठातल्या एका दुपारी दिलीप आला, मयूरच्या लग्नातले उरलेले लाडू घेऊन. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. उषा चुलीशी होती. थंड पाणी घेतो, म्हणाला आणि स्वतःच उठून त्यानं फ्रीज उघडला.

आत अंधार होता. घडी घातलेल्या साड्या होत्या, गुणवंताचे दोन शर्ट, आणि वरच्या कप्प्यात कागद. सगळ्यांत वर नर्सिंगचा फॉर्म होता, तृप्तीच्या अक्षरात नाव लिहिलेला, बाकी कोरा. दिलीप तो हातात धरून उभा राहिला.

"तृप्ती कुठं आहे?"

"कामाले. पांढुर्ण्याले आंबे भरनं चालू आहे."

"फारम नाही भरला?"

"औंदा नाही."

त्यानं फॉर्म जागच्या जागी ठेवला. "मी एवढ्यासाठी नव्हतो म्हनलो उषे," तो म्हणाला.

उषानं माठातून गडवा भरला आणि त्याच्या हातात दिला.

"तुहं बी बरोबर होतं दादा. आता कोनी म्हनत नाही का हे पयून जातीन म्हनून." ती फ्रीजकडं पाहत म्हणाली, "एवढं वजन कोन नेईन उचलून?"

दिलीप पाणी प्यायला. गडवा खाली ठेवून त्यानं फ्रीजचं दार लावलं. ते नीट लागलं नाही, साडीचा पदर मधे आला होता. उषानं उठून पदर आत सारला आणि दार दाबून लावलं.